सीमाभागातील झोपेचे घरगुती उपाय : दूध, तूप आणि वगळलेली अफू

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी किंवा कारवारकडच्या एखाद्या मराठी घरात कुणाला रात्र रात्र झोप लागत नसल्याची तक्रार निघाली, की वडीलधारी मंडळी ठरावीक उपाय सुचवतात : जायफळ उगाळून घातलेले दूध, काशाच्या वाटीने तळपायांना चोळलेले तूप, खसखशीची खीर, रात्रीच्या जेवणात दही-कांदा. हे सारे आजीबाईच्या बटव्यातले म्हणून एकाच गाठोड्यात बांधले जाते. प्रत्यक्षात त्यांचा उगम वेगवेगळा आहे आणि वयही वेगवेगळे आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की या बटव्यातील सर्वांत जालीम पदार्थ गेल्या शतकात बाहेर काढला गेला. आज उरलेले उपाय सौम्य वाटतात त्यामागे हा इतिहास आहे, आणि तो माहीत नसला की ‘घरगुती’ आणि ‘निर्धोक’ हे दोन शब्द आपण सहज एकच मानून बसतो.

यांतील सर्वांत जुना धागा ग्रंथांचा आहे. चरकसंहितेने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य यांना शरीराचे तीन उपस्तंभ म्हटले आहे. त्याच ग्रंथाच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात झोप उडालेल्या माणसासाठी जे सांगितले आहे, त्यात अंगाला तेल लावणे, स्नान, दूध, दह्याबरोबर भात, हातपाय दाबून घेणे, डोक्याला लेप, मनाला रुचेल असा गंध आणि आवाज, नीट अंथरलेले अंथरूण आणि ठरलेली वेळ या गोष्टी येतात. वनौषधींची लांबलचक यादी तिथे नाही. बहुतेक भर स्पर्शावर, अन्नावर आणि निजण्याच्या जागेवर आहे. झोप आणणाऱ्या पदार्थांत म्हशीचे दूध श्रेष्ठ, असेही चरकाने स्वतंत्रपणे नोंदवले आहे. सोलापूर-कोल्हापूरपासून बेळगावपर्यंतचा पट्टा पंढरपुरी म्हशीचा आणि बेळगावची ओळख झालेला कुंदाही दुधाचाच. त्यामुळे ग्रंथातील हा सल्ला इथल्या घरांत रुजायला फारसे कष्ट पडले नसावेत, असे मला वाटते.

तळपायाला तूप चोळण्याची चालही याच परंपरेतली आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात रोजच्या अभ्यंगाचे जे फायदे सांगितले आहेत त्यांत चांगली झोप हा एक आहे, आणि डोके, कान व पाय यांना तेल विशेष करून लावावे, असेही तो म्हणतो. आपल्याकडे त्यासाठी काशाची वाटी वापरतात. कासे म्हणजे तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू. वाटीचा बुडाचा भाग तुपाचा हात लावलेल्या तळपायावर गोल गोल फिरवत गेले, की थोड्याच वेळात तूप करडे-काळे पडते आणि घरातले म्हणतात, ‘बघा, अंगातली उष्णता निघाली.’ तो काळेपणा खरे तर धातूचा सूक्ष्म अंश तुपात उतरल्यामुळे येतो. उपायाचा गुण मात्र त्यामुळे खोटा ठरत नाही. स्वित्झर्लंडमधील बाझल येथील संशोधकांनी १९९९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले, की हातपायांच्या रक्तवाहिन्या रुंदावून ते उबदार झाले की झोप लवकर लागते, कारण शरीराच्या गाभ्यातील उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. तळपाय चोळल्याने किंवा निजण्यापूर्वी कोमट पाण्यात पाय ठेवल्याने साधते ते बहुधा हेच.

जायफळाची गोष्ट निराळी आहे. ते मूळचे इंडोनेशियातील बांदा बेटांवरचे. चरकाला ते ठाऊक होते, पण तोंडात धरायच्या सुगंधी द्रव्यांत. झोपेच्या वर उल्लेखिलेल्या यादीत त्याचे नाव नाही. डचांनी १६२१ मध्ये बांदा बेटे जिंकून हा व्यापार आपल्या मुठीत घेतला आणि १६३७ मध्ये वेंगुर्ल्याला वखार घातली. बेळगावला समुद्राकडचा माल आंबोली घाटाने याच वेंगुर्ल्याहून येत असे. पुढे जायफळ पुरणात, श्रीखंडात आणि बाळघुटीत स्थिरावले. सहाणेवर दुधाच्या थेंबात जायफळाचे एक-दोन वेढे घ्यायचे आणि ते बोटाने निपटून कोमट दुधात मिसळायचे, ही रीत म्हणजे मात्रा आवरून धरण्याचीच युक्ती आहे. एवढ्या उगाळ्यात जायफळ मिलिग्रॅमच्या हिशेबात येते. पाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जवळजवळ अख्खे फळ पोटात गेले, तर छातीत धडधड, ओकाऱ्या आणि भ्रम होतो. किसणी आणि तयार पूड आल्यापासून सहाणेचा हा आवर सुटला आहे, हे लक्षात ठेवायला हवे.

आता अफूविषयी. ती कणभर उगाळून तान्ह्या मुलाला चाटवण्याची प्रथा पश्चिम भारतात सर्रास होती. आईला दिवसभर कामावर राहायचे असे, घरी मूल सांभाळायला कुणी नसे, आणि अफू दिलेले मूल रडत नसे. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया आपल्या बाळांना अफूच्या गोळ्या देत असल्याची दखल १९३१ च्या रॉयल कमिशन ऑन लेबरच्या अहवालाने घेतली होती. १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबईच्याच प्रशासनाखाली असल्याने अफूच्या परवान्यांची व्यवस्थाही तीच होती. अशा मुलांची भूक मरत असे, पोट साफ होत नसे, वाढ खुंटत असे, आणि मात्रा थोडी चुकली तर श्वास थांबत असे. त्या आयांना दोष देणे अन्यायाचे आहे. त्यांच्यापुढे पाळणाघर नव्हते आणि कामाचे तास त्यांच्या हातात नव्हते. परवाने आवळत गेले, सुइणी आणि डॉक्टर समजावत राहिले, आणि १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने उरलीसुरली वाट बंद केली. बाळघुटीत मागे राहिले ते वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, बदाम, खारीक आणि जायफळ. आज बालरोगतज्ज्ञ सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नका, असे सांगतात, आणि ते ऐकण्यासारखे आहे.

सर्पगंधाही अशीच घराबाहेर गेली. सह्याद्रीच्या जंगलात मिळणारे हे मूळ मन शांत करण्यासाठी वैदू देत असत. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम वकील यांनी उच्च रक्तदाबावरील तिच्या गुणाची माहिती ब्रिटिश नियतकालिकात छापली, १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपिन हे औषधी द्रव्य वेगळे काढले गेले, आणि जगभरच्या मागणीमुळे ही वनस्पती दुर्मीळ झाली. तिच्यामुळे रक्तदाब धोकादायकपणे उतरू शकतो आणि मन खोल निराशेत जाऊ शकते, त्यामुळे बाजारातून मूळ आणून घरी काढा करणे कटाक्षाने टाळावे.

खसखशीची खीर ही कानडी शेजाराची देणगी म्हणता येईल. गसगसे पायस सणाच्या पंगतीत वाढले, की दुपारी घर सुस्तावते, हा अनुभव दोन्ही भाषांच्या घरांत सारखाच आहे. खसखस अफूच्याच बोंडातली असली, तरी तिच्या बियांत अफूचा अंश नगण्य असतो. सुस्ती येते ती बहुधा दूध, गूळ आणि भरल्या पोटामुळे. जुन्या लुगड्यांची वाकळ, जिला कानडीत कौदी म्हणतात, हाही चरकाच्या ‘नीट अंथरलेल्या अंथरुणा’चाच इथला अवतार आहे.

उलट दिशेने जाणारी एक सवय मात्र आपल्याकडे आरामाची म्हणून रूढ झाली आहे. निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात आणि आसपासच्या गावांत अनेक स्त्रिया निजण्यापूर्वी मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना लावतात आणि तिने बरे वाटते, असे सांगतात. ते बरे वाटणे तलफ भागल्याचे असते. निकोटीन हे उत्तेजक आहे. त्याने झोप उशिरा लागते आणि तुटक होते, तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर वेगळाच. संध्याकाळनंतरच्या चहाचेही असेच, कारण कॅफीन शरीरातून निम्मे उतरायलाच साधारण पाच तास लागतात. जायफळाचे दूध पिण्याआधी या दोन गोष्टी बंद करून पाहाव्यात. आणि जो माणूस मोठ्याने घोरतो, ज्याचा श्वास झोपेत मधूनच थांबतो, जो सकाळी जड डोक्याने उठतो, त्याला यांतले काहीही देत बसू नये. तो आजार श्वासमार्गाचा असतो आणि त्याची तपासणी व उपचार दवाखान्यातच होतात.