डिझेल इंजिनाची टकटक आणि बेअरिंगचा गैरसमज

धुळे-जळगावपासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत फोर-व्हील-ड्राइव्ह जीप चालवणाऱ्यांत एक समज पक्का आहे: डिझेल इंजिन ठोकू लागले म्हणजे बेअरिंग (इंजिनातल्या फिरत्या भागांचा आधार) गेले, इंजिन उतरवा. हा समज चुकीचा आहे आणि त्यापायी होणारा खर्च अनेकदा टाळता येण्याजोगा असतो.

टपकणारे नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरचे टोक) किंवा वेळेआधी होणारी डिझेलची फवारणी यांमुळेही तसाच कडक आवाज येतो. तो बहुधा थंड इंजिनात अधिक असतो आणि तापल्यावर उतरतो. बेअरिंगचा आवाज जड, खोल असतो, आणि इंजिन तापून ऑइल पातळ झाले की वाढतो. बेअरिंग झिजले की ऑइलचा दाबही घसरतो, म्हणून आधी गेजने ऑइल प्रेशर मोजावे.

यांत्रिक पंपाच्या जुन्या इंजिनात एकेका इंजेक्टरच्या पाइपाचा नट किंचित सैल करून, आवाज कशाने दबतो ते पाहून दोषी सिलिंडर सापडतो, मात्र त्या सिलिंडरवरचा भार उतरल्याने बेअरिंगचा आवाजही दबतो, त्यामुळे एवढ्यावरून निदान करू नये. कॉमन रेल इंजिनात (ज्यात एका सामाईक नळीतून सर्व इंजेक्टरना उच्च दाबाने डिझेल मिळते) हा प्रयोग कदापि करू नये: तिथला दाब 1,000 बारहून अधिक असू शकतो आणि डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते. तिथे इंजिनाच्या संगणकातले दोष वाचणारा स्कॅनरच लावावा.