मंदीत फ्रँचायझीच का वाढते?

नोकऱ्या जाऊ लागल्या की फ्रँचायझीच्या, म्हणजे कंपनीचं नाव घेऊन स्वतःच्या पैशाने दुकान चालवण्याच्या, जाहिराती वाढतात. एकाकडे पीएफची किंवा व्हीआरएसची एकरकमी रक्कम असते, दुसरीकडे कंपनीला दुकानं वाढवायची असतात पण बँक कर्ज देत नसते. मंदीत या दोघांची गाठ पडते. ही रीत रुजली ती १९३०च्या दशकातल्या अमेरिकेत.

मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सी शहरात हॉवर्ड जॉन्सन यांनी १९२५ मध्ये औषधांचं एक छोटं दुकान घेतलं. तिथे चालू लागलं ते मात्र आइस्क्रीम, कारण त्यात ते लोण्याचा अंश इतरांपेक्षा जास्त ठेवत. १९२९ मध्ये त्यांनी उपाहारगृह काढलं. बॉस्टनच्या महापौरांनी बंदी घातलेलं एक पाच तासांचं नाटक तेव्हा क्विन्सीत लागलं, त्याला जेवणाची सुट्टी असे आणि प्रेक्षक इथे येत. नाव झालं. पण त्याच वर्षी शेअर बाजार कोसळला आणि पुढच्या शाखेसाठी भांडवल मिळेना.

अखेर १९३५ मध्ये केप कॉडवरच्या ऑर्लिन्स गावी जॉन्सन यांनी एका ओळखीच्या माणसाला आपलं नाव वापरायला दिलं. उपाहारगृह त्या माणसाचं. पदार्थ, आइस्क्रीम आणि शिस्त जॉन्सन यांची. त्यांची खरी कमाई होती माल पुरवण्यात. म्हणजे गल्ला कमी भरला तरी पुरवठादाराचे पैसे सुटत. दशक संपेपर्यंत नारिंगी छपराची अशी शंभरावर उपाहारगृहं उभी राहिली. गिऱ्हाईक हमरस्त्यावरून मोटारीने येणारं होतं. युद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं आणि १९४४ पर्यंत जेमतेम डझनभर उरली.

त्याच १९३५ मध्ये आयोवा राज्याने साखळी दुकानांवर कर लावला. तेल कंपन्यांनी आपले पंप चालवणाऱ्यांनाच भाड्याने देऊन टाकले, म्हणजे कर चुकला आणि रोजचा धोकाही पंप चालवणाऱ्यांच्या गळ्यात गेला. मंदीतली फ्रँचायझी समजून घ्यायची तर मला हे उदाहरण जॉन्सन यांच्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. संधी खरी असते, पण कोणाचा पैसा अडकतो आणि कोणाचा सुटतो, हे करारातच ठरलेलं असतं.

१९६०च्या दशकाअखेर हे उघडं पडलं. 'मिनी पर्ल्स चिकन'सारख्या कंपन्या दुकानं सुरू होण्याआधीच फ्रँचायझी फी नफा म्हणून दाखवत. फुगा फुटला, बचत गेली ती फी भरणाऱ्यांची. फ्रँचायझीसाठीचा कॅलिफोर्नियाचा कायदा १९७१ पासून आणि अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाचा नियम १९७९ पासून लागू झाला तो यातूनच. आज तिथे सही करण्याच्या किंवा पैसे भरण्याच्या किमान १४ दिवस आधी कंपनीला माहितीपत्रक द्यावंच लागतं. कंपनीवरचे खटले, किती दुकानं बंद पडली, कोण सोडून गेलं आणि त्यांचे संपर्क, असं सगळं त्यात असतं.

भारतात फ्रँचायझीसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. व्यवहार मुख्यतः १८७२च्या करार कायद्यावर चालतो. त्यामुळे डिपॉझिट भरण्याआधी बंद पडलेल्या दुकानांची यादी मागायची ती आपणच. त्या दुकानदारांना फोन करायचा, माल कुणाकडून आणि कोणत्या भावाने घ्यावा लागे ते विचारायचं, आणि मग गाळ्याचं भाडं धरून हिशेब मांडायचा.