हेरिटेज गल्लीतला खेकडा

रेल्वे वारशाचा सोहळा म्हटला की गर्दी वाफेच्या इंजिनापाशी. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, चौदा डबे, चारशे पाहुणे: हे तर मुंबईत शाळकरी पोरांनाही पाठ असतं. आम्ही गाडीवेडे मात्र सीएसएमटीच्या हेरिटेज गल्लीत, जिथे जुनी इंजिनं मांडून ठेवलीत, विजेच्या इंजिनापाशी जास्त रेंगाळतो. मुंबईची लोकल वाफेवर सुरू झाली खरी, पण तिला आजचं रूप दिलं विजेनेच.

वाफेची गाडी दर दोन-तीन किलोमीटरला थांबून पुन्हा वेग घेईपर्यंत मागची खोळंबायची. विजेची गाडी झटकन सुटते. म्हणून जीआयपी रेल्वेने, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वजाने, १५०० व्होल्ट डीसीची (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची) तार टाकली आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेची गाडी व्हीटीहून (आजची सीएसएमटी) हार्बर मार्गाने कुर्ल्याला गेली. पुढे ठाकुर्लीजवळ चोळ्याला कंपनीने स्वतःचं वीजघरच बांधलं.

दुसरं कारण घाट. कर्जत-लोणावळ्यामधल्या बोरघाटाचा चढ १ ला ३७, म्हणजे ३७ मीटर गेलं की एक मीटर वर. त्यासाठी १९२८ पासून मालगाडीची इंजिनं आली, पहिली दहा स्वित्झर्लंडहून. पुढे-मागे लांब नाकं, मधे केबिन, आणि विजेचं असूनही चाकांना वाफेच्या इंजिनासारखे दांडे. वळणावर नाकं वेगवेगळी वळत. युरोपात अशा इंजिनाला मगर म्हणतात. आपल्या कामगारांनी नाव ठेवलं खेकडा. उभं असतानाही ते कण्हायचं म्हणे. वीज आली तशी १ जून १९३० ला डेक्कन क्वीनही आली.

गाड्या लांबल्या, वाढल्या, तशी डीसी तोकडी पडू लागली. कमी व्होल्टेजला करंट जास्त ओढावा लागतो, सबस्टेशनंही जवळजवळ लागतात. म्हणून २५,००० व्होल्ट एसीवर (दिशा बदलत राहणाऱ्या विजेवर) जाण्याचं काम पश्चिम रेल्वेवर २०१२ मध्ये उरकलं. मध्य रेल्वेवर शेवटची डीसी लोकल ९ एप्रिल २०१६ च्या रात्री कुर्ल्याहून निघाली, तीही हार्बरवरच. तिच्यात बसायला रेल्वेप्रेमी मुद्दाम आले होते.

इगतपुरीला डीसी संपून एसी सुरू व्हायची, तिथली इंजिनांची अदलाबदल संपली. कर्जतला बँकर, म्हणजे चढावर गाडीला मागून ढकलणारं जादा इंजिन, मात्र अजून लागतो. व्होल्टेज बदललं तरी घाट काही सपाट झालेला नाही.