वाहतूक परिणाम तपासणी शुल्क

एखादा मोठा प्रोजेक्ट येणार असला, म्हणजे टाऊनशिप, मॉल, हॉस्पिटल, मंगल कार्यालय काहीपण, तर आजूबाजूच्या रस्त्यांवर किती गाड्या वाढतील याचा रिपोर्ट बिल्डरनं करून द्यायचा आणि तो तपासायला पालिकेचा जो खर्च येतो तोही बिल्डरनंच भरायचा, त्या पैशाला वाहतूक परिणाम तपासणी शुल्क म्हणतात. बोलताना सरळ 'ट्रॅफिक रिपोर्टची फी'.

इथं एक घोळ कायम होतो. ही फी रस्ता रुंद करायची नाही, सिग्नल बसवायची नाही, ती फक्त रिपोर्ट वाचायची फी आहे. मोजणीची फी भरली म्हणून जमीन आपल्या नावावर होत नाही, तसंच ही भरली म्हणून परवानगी मिळाली असं होत नाही, आणि उद्या चौक तुंबला तर 'आम्ही पैसे भरलेत की' म्हणायची सोयपण नाही. रस्त्यासाठी जे पैसे घेतात ते वेगळे, त्याला परिणाम शुल्क म्हणतात, आणि खरी भांडणं त्याच्यावरनं होतात.

पद्धत मुख्यतः अमेरिकेतल्या शहरांत रुळली. गर्दीच्या तासाला गाड्यांच्या साधारण 100 किंवा जास्त फेऱ्या वाढणार असतील तर अभ्यास मागायचा, हा तिथला बऱ्याच ठिकाणचा ठोकताळा. फी कुठं ठरीव असते, कुठं फेऱ्यांच्या आकड्यावर, कुठं आधी डिपॉझिट घेऊन इंजिनिअरचे जेवढे तास लागले तेवढे त्यातनं कापतात, आणि रिपोर्ट चुकीचा म्हणून परत आला तर दुसऱ्या तपासणीचे पुन्हा पैसे. मला ही शेवटची अट सगळ्यात शहाणपणाची वाटते, कारण फुकट तपासणी असली की पहिला रिपोर्ट कसातरीच येतो, चुका काढायचं काम आपोआप पालिकेवर पडतं. कॅलिफोर्नियात असं शुल्क सेवेच्या वाजवी खर्चापेक्षा जास्त घेता येत नाही असा कायदाच आहे. तिथल्याच एल डोराडो काउंटीत एका माणसाकडं साध्या तयार घरासाठी 23,420 डॉलर वाहतूक परिणाम शुल्क मागितलं, तो थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 2024 ला कोर्टानं सांगितलं की शुल्काचा तक्ता लोकप्रतिनिधींनी मंजूर केलेला असला तरी ते शुल्क घटनेच्या कसोटीतनं सुटत नाही. शुल्क बेकायदा ठरवलं नाही, प्रकरण परत खाली पाठवलं.

आपल्याकडं हाच प्रश्न फी आणि कर यांच्या फरकातनं येतो. 1954 च्या शिरूर मठ खटल्यापासून कोर्टाचं म्हणणं असं की फी घेतली तर बदल्यात काहीतरी सेवा दिसली पाहिजे. आणि 1992 ला अहमदाबादच्या नगरविकास प्राधिकरणाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की कायद्यात नेमका अधिकार दिलेला नसेल तर प्राधिकरण आपल्या मनानं विकास फी लावू शकत नाही. म्हणजे उद्या कुठल्या पालिकेनं नुसता ठराव करून 'ट्रॅफिक फी' सुरू केली तर पहिल्याच नाराज बिल्डरचा वकील हा निकाल काढून दाखवणार.

कोल्हापुरात बांधकाम परवानगी नगररचना विभागातनं मिळते, नियम राज्याच्या डिसेंबर 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीचे, ज्याला सगळे यूडीसीपीआरच म्हणतात. चलनावर छाननी शुल्क, विकास शुल्क, प्रीमियम, 1 टक्का कामगार उपकर अशी नावं दिसतात, वाहतूक असा वेगळा रकाना मी बघितलेल्या चलनांत नव्हता. पार्किंग किती गाड्यांचं पाहिजे ते नियमावलीत आहे, पण पार्किंग म्हणजे गाडी उभी कुठं राहणार, ती गेटमधनं बाहेर पडून रस्त्याला कुठं लागणार हा वेगळा विषय. 20,000 चौरस मीटर किंवा जास्त बांधकाम असेल तर 2006 च्या अधिसूचनेप्रमाणं पर्यावरण मंजुरी लागते, त्या अर्जात वाहतुकीचा भाग येतो खरा, पण तो राज्य पातळीवरची समिती बघते, आणि संध्याकाळी सात वाजता दाभोळकर कॉर्नरला काय अवस्था असते हे कागदावरनं कळायला तसं अवघडच.

तपासणीत नेमकं काय बघायचं असतं त्याचं एक उदाहरण देतो, कारण फी कशाची हे त्याशिवाय कळत नाही. समजा एका रस्त्यावरनं गर्दीच्या तासाला दोन्ही बाजू मिळून 2000 दुचाकी, 600 कार आणि 400 रिक्षा गेल्या. या सगळ्यांचं कारच्या मापात रूपांतर करतात, त्याला पीसीयू म्हणतात. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या 1990 च्या आयआरसी 106 या मार्गदर्शिकेत दुचाकीला दोन आकडे आहेत, एकूण वाहनांत तिचा वाटा 5 टक्क्यांपर्यंत असेल तर 0.5 आणि 10 टक्के किंवा जास्त असेल तर 0.75. रिक्षाला तसेच 1.2 आणि 2. रिपोर्टवाल्यानं लहान आकडे घेतले तर बेरीज 2080 येते, बरोबर घेतले तर 2900. चार पदरी, दुभाजक असलेल्या मुख्य रस्त्याची क्षमता त्याच मार्गदर्शिकेत तासाला 3600 पीसीयू धरली आहे, म्हणजे एका हिशोबात 1520 ची जागा शिल्लक, दुसऱ्यात फक्त 700. कोल्हापूरसारख्या दुचाकीच्या गावात 0.5 घेणं म्हणजे उघड चूक (किंवा चूक नव्हे, काय ते समजा), आणि ती पकडायला कोणीतरी ते पान उघडून बसावं लागतं. फी त्या बसण्याची.

दुसरी गंमत मोजणीच्या दिवसाची. मंगळवार-शुक्रवारी अंबाबाईला गर्दी, रविवारी लक्ष्मीपुरीचा बाजार, नवरात्रात तर विचारूच नका, आणि मोजणी मात्र बुधवारी दुपारी तीनला झालेली. तारीख आणि वेळ बघायला काही डिग्री लागत नाही पण तेवढंसुद्धा कोण बघत नाही.

मंगल कार्यालयाचं तर अजून वेगळं. अमेरिकन इंजिनिअर कुठल्या इमारतीमुळं किती फेऱ्या होतात त्याचं जाडजूड मॅन्युअल वापरतात, ते आपल्या हॉलला लावून उपयोग काय? इथं बारा पस्तीसचा मुहूर्त असला की बारा ते साडेबारात सगळं गाव येतं, नवरदेवाची वरात निम्मा रस्ता अडवून, अक्षता पडल्या की अर्धे लोक पंगतीला आणि अर्धे गाडी काढायला, शिवाय आहेराचे टेम्पो गेटातच. दिवसाची सरासरी काढली तर आकडा किरकोळ दिसतो, आणि त्या अर्ध्या तासात केएमटीची बस जाग्यावरच.

फीला विरोध कसा होईल त्याचा अंदाज कोल्हापूरकराला सांगायला नको. 49.49 किलोमीटर रस्ते बीओटीवर केले, म्हणजे कंपनीनं बांधायचे आणि टोलमधनं पैसे वसूल करायचे, 2013 ला टोल सुरू झाला, एन. डी. पाटलांसारखी ज्येष्ठ माणसं रस्त्यावर उतरली आणि 2015 अखेर सरकारनं टोल रद्द केल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून रस्त्याच्या नावानं पैसे म्हटलं की पहिला प्रश्न 'कशाचे?'. इथं निदान उत्तर देता येतं, कारण पैसे गाडीवाल्याकडनं नाहीत आणि बदल्यात काय मिळालं ते दाखवता येतं, तपासणीचा शेरा नावासकट लोकांना बघायला ठेवला की झालं. बिल्डर म्हणणार की शेवटी फ्लॅटच्या रेटमध्येच जाणार, ते खरंच आहे, पण मोठ्या प्रोजेक्टच्या खर्चात रिपोर्ट वाचायचे पैसे म्हणजे चहापाणी. खरी अडचण वाचणाऱ्याची, ट्रॅफिक इंजिनिअर पालिकेत नसला तर काम बाहेरच्या कन्सल्टंटला जाणार आणि तोच उद्या दुसऱ्या बिल्डरचा रिपोर्ट लिहिणार.

आणि हद्द. शहर 66.82 चौरस किलोमीटरचं, 1972 ला महापालिका झाली तेव्हापासून हद्दवाढीचा वाद चालूच, तर वाढ होते ती उचगाव, पाचगाव, कळंब्याकडं. तिथल्या 42 गावांसाठी 2017 पासून वेगळं प्राधिकरण आहे. महापालिकेनं फी लावली तरी ती हद्दीच्या आतल्या प्रोजेक्टलाच. उचगावात इमारत उभी राहणार, कागद प्राधिकरणात जाणार, आणि सकाळी नऊला गाड्या ताराराणी चौकात.