अकरा महिन्यांचा करार आणि नोटरीचा शिक्का

बंगळूर किंवा इंदूरला राहून पुण्यात फ्लॅट घेतलेल्या मालकांना एक सल्ला हमखास मिळतो: करार अकरा महिन्यांचाच करा, नोटरी करा, नोंदणीची भानगड नको. महाराष्ट्रात हे चुकीचं आहे.

ही समजूत आली 1908च्या नोंदणी कायद्यातून. त्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, म्हणून अकरा महिन्यांची पळवाट. काही राज्यांत ती अजून चालते. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 55 मुदत बघतच नाही. करार भाड्याचा असो की लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे भाडेकरूचे हक्क न देता ठराविक काळ राहण्याची परवानगी), तो लेखी हवा आणि नोंदवलेलाही. जबाबदारी मालकाची, चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

दंडापेक्षा महागात पडते ती पुढची तरतूद. नोंदलेला करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं. ते खोटं असल्याचं मालकाने सिद्ध करायचं. एजंट हे सांगत नाहीत.

मुदत संपूनही लायसन्सवरचा माणूस हटला नाही, तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जाता येतं आणि ताबा मिळेपर्यंत लायसन्स शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. तिथे लेखी करार हाच निर्णायक पुरावा. नोंदणी आता ऑनलाइन होते, त्यामुळे परगावी राहण्याची सबब उरलेली नाही.