स्किझोफ्रेनियाचे पेशंट एकत्र बसले की अजून बिघडतात? अजिबात नाही

कुणाला ग्रुप सेशनचं सुचवलं की घरच्यांचं उत्तर ठरलेलं, "नको गं, तिथे सगळे तसलेच, एकमेकांचं ऐकून याचं डोकं अजून फिरेल". वर्षानुवर्षं हेच ऐकतेय आणि जीव तुटतो, कारण या एका समजुतीपायी माणसं घरात कोंडून राहतात. भास काही सर्दीसारखे शेजारच्याला लागत नाहीत!

तिथे होतं काय तर आठ-दहा जण, कधी घरचेही, गोल बसतात आणि आजाराचं नाव काय, गोळी नेमकं काय करते, बरं वाटलं म्हणून ती आपल्या मनाने बंद केली की काय होतं, हे साध्या भाषेत बोलतात. आजार उलटण्याआधीच्या खुणा जो तो आपल्या वहीत लिहितो. एकाने लिहिलेलं, "तीन रात्री झोप नाही, मग आईच्या हातचा चहासुद्धा संशयाने बघतो." शेजारचा पटकन म्हणाला, अरे माझंही सेम! इतकी वर्षं त्याला वाटायचं हे फक्त आपल्यालाच होतं.

पेशंटला आजाराची अशी माहिती देण्याचा काय उपयोग होतो, हे कॉक्रेनने (जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) 2011 च्या आढाव्यात पाहिलं; त्यात 44 चाचण्या, 5142 लोक होते. अभ्यासांचा दर्जा फार उत्तम नव्हता हे खरं, पण माहिती मिळालेल्यांचा आजार कमी वेळा उलटला, गोळ्याही जास्त नियमित घेतल्या गेल्या.

फक्त ग्रुप म्हणजे गोळ्यांना पर्याय नाही हं, आणि त्रास जोरात असेल तर आधी तो थोडा शांत होऊ द्या. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचे स्वमदत गट आहेत, घरच्यांनी आधी एकदा स्वतः जाऊन बसा.