खुब्याच्या एमआरआयमधील मज्जेची सूज : एव्हीएन की तात्पुरता ऑस्टिओपोरोसिस?

खुब्याच्या दुखण्यासाठी काढलेल्या एमआरआयच्या रिपोर्टमध्ये अनेकदा ‘मांडीच्या हाडाच्या डोक्यात व मानेत मज्जेला सूज’ असे वाक्य (मज्जा म्हणजे हाडाच्या आतला मऊ गर) येते आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह लावून ‘एव्हीएन’ लिहिलेले असते. त्या एका शब्दाने घरातले सगळे हादरतात आणि सांधा बदलण्याच्या खर्चाची चौकशी सुरू होते. वास्तविक हेच चित्र दोन अगदी वेगळ्या आजारांत दिसू शकते. एक म्हणजे एव्हीएन, अर्थात अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस, ज्यात रक्तपुरवठा खंडित होऊन हाडाचा तुकडा मरतो. दुसरा म्हणजे खुब्याचा तात्पुरता ऑस्टिओपोरोसिस, ज्यात हाडाची घनता काही काळ कमी होते आणि जो बहुधा आपोआप बरा होतो.

प्रौढ माणसाच्या मांडीच्या हाडाचे डोके मुख्यतः चरबीयुक्त पिवळ्या मज्जेने भरलेले असते, म्हणून एमआरआयच्या टी-वन प्रकारच्या प्रतिमेत, जिथे चरबी उजळ उमटते, ते उजळ दिसते. मज्जेतील पाण्याचा अंश वाढला की तो भाग टी-वनवर काळवंडतो आणि चरबीचा संकेत दाबणाऱ्या स्टर प्रतिमेत पांढरा चमकतो. यालाच आपण सूज म्हणतो. पण सूक्ष्मदर्शकाखाली तिथे रक्तस्राव, तंतुमय ऊती असे बरेच काही सापडू शकते. तेव्हा सूज एवढेच सांगते की इथे पाणी वाढले आहे. ते का वाढले, हे तिला विचारून कळत नाही.

त्यासाठी टी-वन प्रतिमेकडे यावे लागते, आणि माझ्या मते बहुतेक गोंधळ तिथे पुरेसा वेळ न दिल्यामुळे होतो. एव्हीएनमध्ये सांध्याच्या कूर्चेखाली एक काळी, नागमोडी, अखंड पट्टी दिसते. ती जिवंत आणि मृत हाडाची सीमा असते. पाणी उजळ दाखवणाऱ्या टी-टू प्रतिमेत तिच्या आत आणखी एक उजळ रेघ उमटली, तर ते दुहेरी रेघेचे चिन्ह एव्हीएनची जवळजवळ खात्री देते. विलक्षण गोष्ट अशी की पट्टीच्या आतला मेलेला तुकडा सुरुवातीला टी-वनवर चांगला उजळ, म्हणजे निरोगी मज्जेसारखाच दिसतो, कारण पेशी मेल्या तरी चरबी काही काळ तिथेच राहते. सूज पुष्कळदा उशिरा येते. मृत हाड दबू लागले, कूर्चेखाली तडा गेला की ती मानेपर्यंत पसरते आणि दुखणे वाढते. म्हणून एव्हीएनमध्ये सूज दिसली तर तो आजाराचा प्रारंभ समजू नये, डोके खचण्याचा धोका समजावा.

तात्पुरत्या ऑस्टिओपोरोसिसमध्ये चित्र उलटे असते. स्टरवर डोके आणि मान सरसकट पांढरी होते, बघणाऱ्याला भीती वाटावी इतकी. पण टी-वनवर कितीही शोधले तरी ती पट्टी सापडत नाही. हा विकार 1959 मध्ये कर्टिस आणि किंकेड यांनी गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीतील तीन स्त्रियांमध्ये वर्णन केला, तरी प्रत्यक्षात तिशी ते पन्नाशीतल्या पुरुषांत तो अधिक आढळतो. मार लागलेला नसताना एका खुब्यात दुखू लागते, पाय टेकवणे कठीण होते, काही आठवड्यांनी साध्या एक्स-रेवर हाड फिकट दिसते आणि साधारण 6 ते 12 महिन्यांत सगळे पूर्ववत होते.

खरी कसोटी लागते ती तात्पुरत्या ऑस्टिओपोरोसिसमध्ये दुबळ्या हाडाला कूर्चेखाली बारीक तडा गेला तर, कारण मग इथेही एक काळी रेघ दिसते. ती तुटक, ओबडधोबड असते आणि सांध्याच्या गोलाईला समांतर, तिच्याच दिशेने फुगलेली असते. एव्हीएनची पट्टी मात्र गुळगुळीत, सांध्याकडे तोंड करून ठेवलेल्या वाटीसारखी असते. तरीही शंका राहिली तर गॅडोलिनियम हे रक्तपुरवठा असलेला भाग उजळवणारे औषध शिरेतून देऊन पाहता येते : तड्याच्या वरचा भाग रक्त मिळत असल्याने उजळतो, मृत तुकडा उजळत नाही. गरोदर स्त्रीला हे औषध शक्यतो देत नाहीत, त्यामुळे तिच्या बाबतीत साध्या प्रतिमाच बारकाईने वाचाव्या लागतात.

दुसऱ्या खुब्याकडेही पाहिलेच पाहिजे. एव्हीएन पुष्कळदा दोन्ही बाजूंना असते, आणि न दुखणाऱ्या बाजूला सूज नसलेली नुसती पट्टी मिळाली तर दुखऱ्या बाजूचे उत्तरही बऱ्याच अंशी मिळते. सोबत रुग्णाचा पूर्वेतिहास हवा : दीर्घकाळ स्टिरॉइड, मद्यपान, खुब्याचे जुने फ्रॅक्चर, सिकल सेल (लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होणारा आनुवंशिक आजार). कोविडच्या काळात स्टिरॉइड घेतलेल्या रुग्णांमध्ये एव्हीएन आढळल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले होते. आणि गडचिरोली किंवा नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत, जिथे आदिवासी समाजात सिकल सेल बऱ्याच प्रमाणात आहे, तिथे तरुणाचा खुबा दुखत असेल तर एव्हीएन आधी मनात यायला हवे.

उपचारांची दिशा यावरच ठरते. एव्हीएन लवकर सापडले, डोके खचले नसेल, तर हाडात छिद्र पाडून दाब कमी करण्याची कोअर डिकम्प्रेशन ही शस्त्रक्रिया विचारात घेतली जाते. खचल्यावर बहुधा सांधा बदलणे उरते. तात्पुरत्या ऑस्टिओपोरोसिसमध्ये कुबड्या किंवा वॉकर, वेदनाशामक आणि संयम पुरतो, मात्र त्या काळात पायावर भार टाकत राहिल्यास हाड मोडू शकते. पट्टी नाही आणि सूज भरपूर आहे, अशा वेळी रिपोर्टमध्ये तसे स्पष्ट लिहावे आणि काही महिन्यांनी पुन्हा एमआरआय करून सूज ओसरते आहे ना, हे पाहावे.